चिठ्ठीवरचं वाक्य

ऑफिसात नवं कुणी आलं, की माझी ओळख करून द्यायचं काम वसुधाताई कारखानीस आपणहून अंगावर घेत. "हा शिरीष. याला दिलेलं काम वेळेवर होत नाही आणि झालेलं नाही हे तो आपल्या तोंडानं सांगत नाही. विचारलंत तर मात्र खरं सांगतो. तेव्हा विचारत जा." एवढं बोलून त्या आपल्या खुर्चीत जाऊन बसत. नवा माणूस माझ्याकडे कीव केल्यासारखा बघत राही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी घरी येऊन बायकोपुढे बराच वेळ धुसफुसलो. ती भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "या बाई तुला किती दिवस ओळखतात?"

"आठवडा झाला असेल."

"हुशार आहेत. मला वर्ष लागलं."

आमची कंपनी बडोद्यात वासणा रोडवर, एका फरसाणाच्या दुकानाच्या डोक्यावर. सकाळी फाफडा तळला जायला लागला की वर कुणाचं कामात लक्ष नसे. कंपनी हाउसिंग सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. पाणी, पार्किंग, पाहुणे, लिफ्ट आणि या चारही गोष्टींवरून होणारी भांडणं. मालक हितेशभाई. हा माणूस इतका उत्साही, की त्यांच्यापुढे साधं "बघू" म्हणणंसुद्धा अपशकुन वाटावा.

मग एआय एजंट आले. म्हणजे काय ते मी माझ्या आईला सांगितलं होतं तसंच इथे सांगतो, कारण मला स्वतःला तेवढंच समजलेलं आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीनं साध्या बोलीत म्हणायचं, "उद्या टाकी धुवायची आहे, लोकांना कळव आणि पंप बंद ठेव." पुढचं एजंट बघतो. त्याच्यापुढे आमच्या सॉफ्टवेअरची साधनं मांडलेली असतात. एक संदेश धाडणारं, एक पार्किंगची जागा देणारं, एक पंपाचं, एक तक्रारींचं. प्रत्येक साधनाला एक चिठ्ठी लावलेली. साधनाचं नाव काय, ते कशासाठी, त्याला काय माहिती पुरवायची. एजंट फक्त चिठ्ठी वाचतो. साधन उघडून आत डोकावायची त्याला सोय नाही. चिठ्ठीत लिहिलं ते त्याच्या लेखी खरं. या चिठ्ठ्या लिहायचं काम वसुधाताईंचं, आणि त्यांच्या हाताखाली माझं. चिठ्ठ्या इंग्रजीत असत. पण वसुधाताई आधी त्या मराठीत मोठ्यानं बोलून बघत. मराठीत पटलं तरच इंग्रजीत उतरायचं.

त्या उंच, काटकुळ्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर, आणि वाचायचं असेल त्या अंतराला दोन्ही निरुपयोगी. राहायच्या दांडिया बाजारात. पणजोबा संस्थानच्या कुठल्याशा खात्यात हुद्देदार होते, आणि ते खातं अजून चालू असल्यासारखा वसुधाताईंचा रुबाब. आमच्याकडे यायच्या आधी त्या बडोद्याजवळच्या सावली गावातल्या एका पंपांच्या कारखान्यात माहितीपुस्तकं लिहीत. त्यांच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात असे: हा पंप चिखल ओढत नाही. विक्री खात्यानं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. हे त्या स्वतः सांगत, आणि त्यात कसलीही खंत नसे.

"करतं काय ते सगळेच सांगतात रे," त्या म्हणत. "जाहिरात म्हणतात त्याला. करत नाही काय, ते सांग. त्याला माहिती म्हणतात."

डबा उघडला तरी तेच. "ही चकली. हिनं पोट भरत नाही. चहाबरोबर खायची. चहा नसेल तर हात लावू नकोस." मी चहा नसताना हात लावला. पोट खरंच भरलं नाही.

एजंटला नव्या सुनेसारखं समजून सगळं सांगायला हवं, असं मी एका बैठकीत म्हणालो. मला वाटलं होतं, बाईंना ही उपमा आवडेल.

"सून?" वसुधाताईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणि नाकावरचा कपाळावर नेला. "सून विचारते तरी, मीठ कुठल्या डब्यात म्हणून. हा जावई आहे. विचारणार नाही, साखरेच्या जागी मीठ घालणार, आणि वर आपण म्हणायचं, छान झालंय."

त्यांच्या घरी मी गेलो ती हकीगत आमच्या ऑफिसात पुढे धडा म्हणून शिकवली गेली, त्यामुळे मला ती सांगणं भाग आहे. गौरी जेवणार होत्या त्या दिवशी त्यांनी मला जेवायला बोलावलं आणि फोनवर रस्ता सांगितला. तो असा: "उजवीकडे वळ, डावीकडे वळ, हे सांगत नाही. ते तू विसरशील. पितळी भांडी टांगलेलं दुकान दिसलं तर तू पुढे गेलास. पिंपळाचा पार लागला तर चुकीच्या गल्लीत शिरलास. आमच्या दाराशी काहीही खूण नाही. खूण दिसली तर ते आमचं घर नाही."

असा पत्ता कुणी लिहून घेतं का? मी आपला फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर निघालो. पितळी भांडी दिसली. पार लागला. पाराला लागून एक दार उघडं, बाहेर चपलांचा ढीग, आत गौरी उभ्या, आरास, आणि पुरणाचा वास. मी आत गेलो. एका काकूंनी "या, या, उशीर केलात" म्हणत पान मांडलं. मी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, तिसरीला नाही म्हटलं, ती त्यांनी वाढली, तीही खाल्ली. एका आजोबांनी विचारलं, "घरचे बरे?" मी म्हणालो, "बरे." पानसुपारी झाली. ऑफिसातलं कुणीच कसं दिसत नाही, हा प्रश्न मला हात धुताना पडला. तेवढ्यात फोन वाजला.

"कुठे आहेस?"

"तुमच्याच घरी, ताई. जेवण झालं. तुम्ही कुठे दिसत नाही?"

"पार लागला होता?"

"हो."

"काय सांगितलं होतं मी?"

दांडिया बाजारात त्या दिवशी उघड्या दारातून आत आलेल्या मराठी माणसाला तू कोण म्हणून कुणी विचारत नाही, पान वाढतात. मला त्या घरात परकं वाटावं असं कुणी काहीच केलं नाही. मग मी वसुधाताईंकडे जाऊन पुन्हा जेवलो, कारण तिथे नाही म्हणायची हिंमत नव्हती.

पुढच्या बैठकीत त्या उभ्या राहिल्या. "चुकीच्या घरात शिरीषला कुणी हाकललं असतं, तर तो चुकला हे त्याला तिथेच कळलं असतं. पण त्याला पुरणपोळी मिळाली. आपलं साधनही तसंच. एजंटनं चुकीचं साधन वापरलं तरी ते 'झालं' म्हणून कळवतं, आणि हा जावई तृप्त होऊन घरी जातो. म्हणून चिठ्ठीत लिहायचं, कुठला पार लागला की आपण चुकलो." तेव्हापासून कंपनीत अशा चुकीचं नावच "शिरीषचं जेवण" पडलं. मुंबईहून आलेल्या एका सल्लागारानं ते शब्द गंभीरपणे आपल्या वहीत टिपून घेतले.

सुरुवातीला चिठ्ठ्या ज्यानं त्यानं आपापल्या लिहिल्या होत्या. प्रत्येक इंजिनियरला वाटे, एजंटनं माझंच साधन आधी उचलावं. पार्किंगवाल्यानं लिहिलं होतं, "सोसायटीच्या सर्व समस्यांवर जलद, विश्वासार्ह उपाय." परिणाम असा झाला, की जिन्यातला दिवा गेल्याचं एका सदस्यानं कळवलं, आणि एजंटनं त्या दिव्याला तळमजल्यावर स्कूटरची जागा नेमून दिली. वसुधाताईंनी सगळ्या चिठ्ठ्या छापून भिंतीवर लावल्या.

"स्थळांची माहिती लिहिलीय का ही? मुलगा सुस्वरूप, निर्व्यसनी, मनमिळाऊ? एकानं तरी लिहिलंय का, चिडका आहे म्हणून?"

पार्किंगवाला म्हणाला, "बेन, असं लिहिलं तर मारुं टूल कोण वापरशे?"

"पार्किंग हवं असणारा."

पण त्या स्वतः चुकल्या नाहीत असं मुळीच नाही. सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी हाती घेतल्या आणि प्रत्येकीत नकार भरले. हे करू नये, ते करू नये, अमक्याला विचारल्याशिवाय करू नये, विचारलं तरी शक्यतो करू नये. वासण्याच्या ज्या सोसायटीत आमची चाचणी चालली होती तिथल्या सेक्रेटरींनी, रावजीभाईंनी, मुलीच्या साखरपुड्यासाठी सोसायटीचा हॉल मागितला. एजंटनं अतिशय नम्रपणे चार कारणं देऊन नकार कळवला आणि सांगितलं, "कृपया सेक्रेटरींना भेटावं."

रावजीभाईंचा फोन आला. "बेन, सेक्रेटरी तो हुं ज छुं! आ तो सरकारी ऑफिस थई गयुं!"

दुसऱ्या दिवशी डबा उघडताना वसुधाताई म्हणाल्या, "मी त्याला भिववलं रे. नुसतं नाही, नाही केलं की माणूसही काम करायचं सोडून देतो. नाही म्हटलं की त्याच्यापुढे मग काय करायचं तेही सांगायला हवं." आणि त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या. चूक कबूल करताना त्यांचा आवाज असा होता, की चूक माझी आहे असं वाटून मीच "सॉरी ताई" म्हणालो. त्यांनी ते स्वीकारलं.

खरी ठिणगी पडली ती तक्रारींच्या साधनावरून. नाव त्याचं "तक्रार निवारण". आत बघितलं, तर ते साधन एवढंच करायचं की तक्रारीपुढे "सुटली" असा शिक्का मारायचा आणि तक्रार करणाऱ्याला तसा संदेश धाडायचा. नळ गळत असेल तर तो शिक्क्यानंतरही गळतच राही. वसुधाताईंनी चिठ्ठीत पहिलंच वाक्य घातलं: हे साधन तक्रार सोडवत नाही, फक्त नोंद बंद करतं, काम झालं का हे तक्रार करणाऱ्याला विचारून मगच वापरावं, आणि झालं नसेल तर संबंधित कारागिराला पुन्हा कळवावं.

एजंट शहाण्यासारखा वागू लागला. लोकांना विचारू लागला. लोक म्हणू लागले, नाही झालं. आणि ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर वासण्याच्या सोसायटीच्या तक्रारी लालेलाल दिसू लागल्या.

नेमका त्याच सुमाराला एक मोठा बिल्डर आमचं सॉफ्टवेअर आपल्या सगळ्या सोसायट्यांना घ्यायचं म्हणत होता. प्रात्यक्षिक वासण्याच्या सोसायटीच्या हॉलमध्येच ठरलं. हितेशभाई पडद्याकडे बघून हवालदिल झाले.

"वसुधाबेन, आटलुं बधुं लाल? पार्टी पळून जाईल!"

"लाल आहे कारण लोकांची कामं झालेली नाहीत."

"ते ठीक. पण ते एक वाक्य काढून टाका ना. साधनाला निवारण नाव आहे, तर निवारण करू दे त्याला."

"हितेशभाई, नाव मी ठेवलेलं नाही. चिठ्ठी माझी आहे. त्या वाक्याशिवाय ती खोटी होते. ते वाक्य गेलं, तर मीही गेले."

त्या अशा सहज बोलल्या की हितेशभाई हसले. मी हसलो नाही. बाई जे करणार नाहीत ते आधी सांगतात, एवढं मला एव्हाना कळलं होतं. वसुधाताईंना ती नोकरी हवी होती. या वयात आणखी कुठे कोण घेणार, असं त्या एकदाच, चहा ढवळता ढवळता, बोलून गेल्या होत्या. त्यांच्या चहात साखर नसे, तरी त्या ढवळत.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी हितेशभाईंनी ते वाक्य स्वतःच्या हातानं काढलं.

हॉल भरलेला. पुढच्या रांगेत बिल्डर, मागे सोसायटीतले लोक, बाजूच्या खुर्चीत वसुधाताई. लॅपटॉप माझ्याकडे, त्यावरचं सगळं समोरच्या मोठ्या पडद्यावर. हॉलमधला पंखा बंद होता आणि त्याची तक्रारही पडद्यावरच्या लाल यादीत होती. पण वारा घालायला आम्ही वाटलेल्या वह्या मिळाल्या होत्या, म्हणून कुणी बोलत नव्हतं. हितेशभाईंनी मोठ्यानं सांगितलं, "शिरीषभाई, एजंटला सांगा, सगळ्या तक्रारी सोडव."

मी सांगितलं. पडदा क्षणात हिरवागार झाला. बिल्डरनं टाळी वाजवली. आणि त्याच क्षणी हॉलमधले सगळे फोन एकदम वाजले.

मागून एक बाई उठल्या. "माझा नळ दुरुस्त झाला म्हणे! कुणी केला? मी तर इथे बसलेय, घराला कुलूप आहे!"

दुसरे एकजण घाम पुसत ओरडले, "आणि पंखा सुरू झाला म्हणे हा! अरे, वर बघा कुणीतरी!"

सगळ्यांनी वर बघितलं. मीही बघितलं. मनुष्यस्वभाव. पंखा बंदच होता.

गलका वाढला. हितेशभाईंनी माझ्याकडे बघितलं, मी लॅपटॉपकडे, लॅपटॉप कुणाकडेच बघत नव्हता. मग ते वळले. "वसुधाबेन, जरा समजावो ने, काय चुकलं ते."

वसुधाताई उभ्या राहिल्या. "एजंट चुकला नाही, साधनही चुकलं नाही. चिठ्ठीत सकाळपर्यंत एक खरं वाक्य होतं, ते काढलं." आणि त्यांनी ते वाक्य सगळ्यांना म्हणून दाखवलं. रावजीभाई म्हणाले, "तो बेन, अमारे तो ए वाक्य पाछुं जोईए." आम्हाला ते वाक्य परत हवं.

पण बिल्डर खूश होता. हिरव्या पडद्याकडे बोट करून तो म्हणाला, "मारे तो आ ज जोईए! वाक्य वगरनुं." त्याला वाक्य नकोच होतं.

एवढा पेच पडल्यावर दुसरा माणूस खचला असता. हितेशभाईंचा चेहरा मात्र उजळला. "बस! दोन पॅकेज करू! साधं आणि प्रीमियम! प्रीमियममध्ये बेनचं वाक्य! ज्याला विचारून तक्रार बंद करायला हवी, तो थोडा वेगळा दर देईल. वसुधाबेन, तमे तो सोनुं लिहिलंत!"

"म्हणजे खरं सांगण्याचे पैसे वेगळे?" वसुधाताईंनी विचारलं.

"ॲड-ऑन, बेन, ॲड-ऑन!"

त्या काही बोलणार, तेवढ्यात रावजीभाईंचा फोन वाजला. सहाव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या शांताबा होत्या. लिफ्ट बंद पडल्यापासून गुडघ्यांमुळे त्यांना खाली उतरता आलं नव्हतं. तक्रार त्यांचीच. रावजीभाईंनी फोन स्पीकरवर टाकला, तेव्हा त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मेसेज आला, लिफ्ट दुरुस्त झाली म्हणून. त्या साडी बदलून, देवळात जायची पिशवी घेऊन, केव्हाच्या लिफ्टच्या दारात उभ्या होत्या. बटण दाबत होत्या. लिफ्ट का येत नाही?

बिल्डर आपला फोन बघू लागला. वसुधाताईंनी पर्स उचलली. "कितवा मजला म्हणालात?"

"छठ्ठो, बेन."

मी त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावलो. "ताई, एवढं चढू नका. आपण फोन करून सांगू ना त्यांना."

"फोननंच सांगितलं ना तिला, लिफ्ट सुरू झाली म्हणून?"

मी म्हणालो, "मग मी जातो."

"तू लॅपटॉप सांभाळ. आणखी कुणाची तक्रार सोडवू नकोस."

त्यानंतर त्या ऑफिसात पुन्हा आल्या नाहीत. राजीनामा दुसऱ्या दिवशी आला, एका ओळीचा. हितेशभाईंना तो अजून बेनचा रुसवा वाटतो. प्रीमियम पॅकेज वासण्याच्या सोसायटीनं घेतलं, बिल्डरनं साधं घेतलं, आणि त्याच्या सगळ्या सोसायट्या आमच्या पडद्यावर हिरव्यागार असतात. त्यांच्या चिठ्ठ्या आता मी लिहितो.

पण मला दिसतात त्या जिन्यावरच्या वसुधाताई. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात निऱ्या धरलेल्या. दुसऱ्या मजल्यावर त्या थांबल्या, दम घेतला, पदर खोचला आणि पुढचा जिना चढू लागल्या. मला आता फक्त कठड्यावरून सरकणारा त्यांचा हात दिसत होता. मग तोही दिसेनासा झाला. मागे हॉलमधून हितेशभाईंचा आवाज येत होता, ते नव्या पॅकेजचा दर ठरवत होते. आणि बऱ्याच वेळानं वरून, धापा टाकत, पण प्रत्येक शब्द स्वच्छ उच्चारलेला, वसुधाताईंचा आवाज आला.

"बा, बटन ना दबावशो. लिफ्ट चालू नथी थई. मेसेज खोटो हतो. चालो, घरमां बेसीए. हुं कहुं छुं तमने, शुं थयुं ते."